वीज गेल्यावर ती कुणाशी बोलेल? कोकणातल्या कर्णबधिरांच्या निवासी हायस्कुलात मूल पाठवताना

लेकीला आठवीला निवासी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मी शाळा बघायला गेले ती एप्रिलमधल्या एका दुपारी. वर्ग झाडलेले, भिंतींवर चित्रं, मुलं गणवेशात. समाधानाने घरी आले. पुढे जुलैत तिला भेटायला गेले आणि दरड कोसळून संध्याकाळची एस.टी. रद्द झाली, म्हणून वसतिगृहातच राहावं लागलं. रात्री साडेआठला वीज गेली. आपल्या घरात वीज गेली की गलका वाढतो. तिथे जवळपास चाळीस मुली एकदम थांबल्या. हात दिसेनात, म्हणजे बोलणंच संपलं. मग दहावीतल्या एका मुलीने उशाखालची बॅटरी काढली, ती गुडघ्यांत धरून उजेड स्वतःच्या हातांवर पाडला आणि राहिलेली गोष्ट पुढे सांगायला लागली. पाच-सहा जणी सरकून तिच्यासमोर बसल्या. त्यांत माझी लेक होती.

शाळा निवडताना मी काय बघायला विसरले होते ते मला त्या रात्री कळलं. फळा, निकाल, इमारत हे सगळं मी पाहिलं होतं. वर्ग सुटल्यावर, जेवताना, आजारी पडल्यावर, रात्री भीती वाटली तर माझं मूल कुणाशी आणि कसं बोलेल, हे विचारलंच नव्हतं. नव्याने या वाटेवर येणाऱ्या आईबाबांसाठी पुढचं सगळं लिहिते आहे ते याच प्रश्नाला धरून.

आधी शब्दाबद्दल थोडं. बऱ्याच पाट्यांवर अजून ‘मूकबधिर’ लिहिलेलं दिसतं. आपली मुलं मुकी नाहीत. त्यांच्या गळ्याला काही झालेलं नसतं. ऐकू न आल्यामुळे बोली शिकायची वाट बंद झालेली असते. कर्णबधिर म्हणा, बधिर म्हणा. घरात आणि वाडीत तुम्ही कोणता शब्द वापरता तो मूल तुमच्या ओठांवर वाचत असतं.

पहिली पायरी: कागद, आणि ते आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आधी

सगळ्यात आधी ऑडिओग्राम. कानांच्या तपासणीचा हा आलेख एक वर्षाहून जुना असेल तर नवा काढा. हायस्कुलातलं मूल आवाज आला की बटण दाबू शकतं, त्यामुळे साधी ऑडिओमेट्री पुरते; झोपवून करायची बेरा तपासणी लहान मुलांसाठी किंवा ज्यांच्या उत्तरावर विसंबता येत नाही त्यांच्यासाठी. आलेखावरचे आकडे समजून घ्या. आपलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर ‘बधिर’, ६० ते ७० असेल तर ‘ऐकण्यास कठीण’ अशी नोंद होते.

मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचं: रायगडवाल्यांनी अलिबागला, रत्नागिरीकरांनी रत्नागिरीला, आम्ही सिंधुदुर्गवाले ओरोसला. टक्केवारी काढताना दोन्ही कान सारखे मोजत नाहीत. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणतात, त्यात दुसऱ्या कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. त्यामुळे एक कान पूर्ण गेलेल्या मुलाचा आकडा कमी आला म्हणून तपासणाऱ्याशी भांडू नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शाळा, शिष्यवृत्ती, प्रवास सगळ्याला ते कार्ड लागतं. आम्ही एका रुग्णालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा तपासणीचं यंत्रच बंद होतं आणि एक दिवसाची मजुरी वाया गेली. निघण्याआधी फोन करून तपासणीचा वार आणि यंत्र चालू आहे का, दोन्ही विचारा.

बाकी नेहमीचंच: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, बँकेचं पासबुक, फोटो. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आमच्याकडे जूननंतर कागदाला ओल धरते.

कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा घ्यायची की विशेष शाळा, हे निवडायचा अधिकारही त्यात आहे. साध्या शाळेतून ‘इथे जमणार नाही’ म्हणून हाकलल्यासारखं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. आपण निवासी शाळा निवडतो आहोत; आपल्याला तिकडे कुणी ढकललेलं नाही.

दुसरी पायरी: शाळा बघायला पावसात जा

तुमच्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या मान्यताप्राप्त कर्णबधिर शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण कार्यालयात मिळते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग आहे आणि विशेष शाळा त्याच्या अखत्यारीत येतात. शिक्षण खात्यात विचारलंत तर नुसती टोलवाटोलवी होईल. शाळा अनुदानित असेल तर राहण्या-जेवणाचे पैसे पालकांकडून घ्यायचे नसतात. विनाअनुदानित असेल तर काय काय द्यावं लागेल ते आधीच लेखी घ्या. पावती नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

शक्य असेल तर वर्षभर आधी, जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बघा. एप्रिलमध्ये प्रत्येक वसतिगृह कोरडं दिसतं. पावसात गेलात की गळती, न वाळलेले कपडे, संडासाकडे जाणारी निसरडी पायवाट, वीज गेल्यावरची सोय, सगळं न विचारता दिसतं. आणि सकाळी जाऊन दुपारी परत येऊ नका. मधल्या सुट्टीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत थांबायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा.

तिथे मी आता काय बघते ते सांगते.

मैदानावर मुलं एकमेकांशी कशी बोलतात बघा. हात सारखे चालत असतील, मुलं हसत असतील, भांडत असतील, लांबून एकमेकांना गोष्टी सांगत असतील तर तिथे भाषा जिवंत आहे. मुलं हात खाली ठेवून गप्प उभी असतील तर मला काळजी वाटते.

मग वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्रीचा पहारेकरी यांच्याकडे वळा. शिक्षकांना किती खुणा येतात ते आपण विचारतोच. पण ताप आलेलं मूल रात्री दोन वाजता मावशींना उठवतं. ‘पोट दुखतंय’, ‘कुणीतरी मारलं’, ‘घरी फोन लावा’, एवढं तरी त्यांना हातांनी कळतं का, हे समोर करायला लावा. लाजू नका. एका शाळेतल्या मावशींनी माझ्या लेकीला पहिल्या भेटीत ‘भूक लागली का, मासे खातेस का’ असं खुणांनी विचारलं. अशा एका प्रश्नावरच निम्मा निर्णय व्हायला हवा.

वर्गात बाकं कशी लावली आहेत तेही पाहा. एकामागे एक रांगा असतील तर मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत. अर्धगोलात बसवलं की प्रत्येकाला प्रत्येकजण दिसतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत असतील तर मुलांना त्यातलं काहीच मिळत नाही. खिडकीचा उजेड शिक्षकांच्या पाठीमागून येत असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओठही वाचता येत नाहीत.

तास संपल्याची घंटा कशी कळते? सकाळी कसं उठवतात? दिवा उघडझाप करणं ही साधी आणि चांगली पद्धत. पाय आपटून हाक मारायची युक्ती लाकडी जमिनीवर चालते, फरशीवर नाही. आगीचा इशारा दिसणारा आहे का, संडास-बाथरूममध्येही दिवा लागतो का, वीज गेली तर इन्व्हर्टर किती तास चालतो, हे सगळं विचारा. तो शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

कागदांमध्ये दोन गोष्टी मागा. एक, दिव्यांग अधिनियमाखालचं संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र. दोन, शिक्षकांचे भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक. विशेष शिक्षकाकडे तो असायलाच हवा, आणि चांगली शाळा हे विचारलं म्हणून नाराज होत नाही.

शाळेची शिकवण्याची पद्धत विचारली की ‘आम्ही बोलायलाच शिकवतो’, ‘आम्ही खुणाही वापरतो’ अशी उत्तरं मिळतात. या वादाची मुळं जुनी आहेत. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि खुणा बाजूला सारून तोंडीच शिकवावं असा ठराव झाला. आपल्याकडे मुंबईत बधिरांची पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात. जगभर पुढच्या पिढ्यांनी वर्गात खुणा केल्या म्हणून हातांवर मार खाल्ला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव नाकारला गेला आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त झाला. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही भारतीय सांकेतिक भाषा देशभर प्रमाणित करून तिच्यात अभ्याससाहित्य तयार करायचं म्हटलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. वाचा-उपचार जरूर चालू ठेवा, श्रवणयंत्राचा जेवढा उपयोग होईल तेवढा करून घ्या, पण हायस्कुलातल्या मुलाचे हात बांधणाऱ्या शाळेत घालू नका. इतिहास, विज्ञान, पाळी, राग, मैत्री यांवर ते ओठांवरून ओळखलेल्या अर्ध्यामुर्ध्या शब्दांत किती बोलणार?

तिसरी पायरी: तुम्ही शिका, आणि मूल जाण्याआधी शिका

ही पायरी बहुतेक घरं गाळतात. मीही गाळली होती.

आमच्या घरात लेकीशी बोलायच्या तीस-चाळीस घरगुती खुणा होत्या: जेव, झोप, पाणी, आजी, गाय, पऱ्यावर (ओढ्यावर) जाऊ नको. आम्हाला वाटायचं सगळं चाललंय. ती दिवाळीला घरी आली तेव्हा तिचे हात थांबत नव्हते आणि आम्हाला काहीच कळत नव्हतं. चार दिवसांनी तिने सांगायचं सोडून दिलं. ते चार दिवस मला अजून टोचतात.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीच्या शब्दांना एकेक खूण नव्हे. तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे. प्रश्नाचा शब्द बहुधा शेवटी येतो: ‘नाव तुझं काय’, ‘गाव तुझं कुठे’. भुवया, मान, डोळे हे सगळं व्याकरणाचाच भाग असतं. चेहरा कोरा ठेवून केलेला प्रश्न प्रश्न वाटतच नाही. शब्दांमध्ये प्रांताप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे मोबाइलवर शिकलेली एखादी खूण तुमच्या शाळेत वेगळी निघाली तर शाळेतली घ्या. इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात, आणि ती लवकर येतात. आमच्या आजी सत्तरीत शिकल्या, शेंगा सोलता सोलता.

शिकायचं कुठून? दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांचा चित्रफितींचा शब्दकोश आहे; २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यातल्या शब्दांची संख्या १०,००० वर गेली. मोबाइलवर फुकट बघता येतो. पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून सांकेतिक भाषेसाठी चालते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. चाकरमानी नातेवाईक तिकडे राहत असतील तर त्यांच्याकडून तिथल्या वर्गांची चौकशी करून घ्या. आणि सगळ्यात चांगला शिक्षक म्हणजे तुमच्या तालुक्यातला एखादा मोठा बधिर माणूस. शिंपी असेल, गॅरेजमध्ये असेल, बोटीवर असेल. त्याला घरी बोलवा, जेवायला वाढा, तुमच्या मुलासमोर त्याच्याशी बोला. आपल्यासारखी माणसं मोठी होतात, संसार करतात, हे मुलाने बघायला हवं.

रोज पाच खुणा. यादी घरातल्या कामाची करा: भात, लावणी, बांगडा, पाऊस, ताप, पाळी, पैसे, खोटं, सॉरी, मला आठवण येते. शेवटची आधी शिका.

चौथी पायरी: ट्रंक

कपडे, अंथरूण, ताट-वाटी ही यादी शाळा देतेच. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून आतले कपडे आणि टॉवेल जास्त द्या, एवढंच सांगते. माझ्या यादीत पहिली वस्तू बॅटरी. शक्यतो डोक्याला बांधायची नको, ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते. उभी ठेवता येईल अशी छोटी चार्जिंगची द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय आमच्या भागात फुरसं हा विषारी साप निघतो. पाचोळ्यातली सळसळ आपल्या मुलाला ऐकू येणार नाही. रात्री बाहेर जाताना उजेड पायापुढे टाकायचा, बूट झटकून घालायचे, हे घरीच अंगवळणी पाडा.

दुसरी वस्तू यंत्राचा डबा. कोकणातली हवा श्रवणयंत्राची शत्रू आहे. घाम, दमट हवा, समुद्राचा खारा वारा यांनी आतले भाग गंजतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे दाणे आणि त्यावर रात्री यंत्र ठेवायचं, सेलचं दार उघडं ठेवून, सेल बाहेर काढून. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी पिऊन घेतलं. गरम करून कोरडे केले की परत निळे होतात. दाणे यंत्र बाहेर असतानाच गरम करायचे, यंत्र कधीही चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायचं नाही. काही घरांत तांदळाच्या डब्यात ठेवतात; तांदळाची पूड माइकच्या भोकात जाते, ते नको.

सेलवरचा स्टिकर काढला की त्यात हवा शिरते आणि तो जळायला लागतो, यंत्र बंद असलं तरी. म्हणून आधीपासून स्टिकर काढून ठेवू नका, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. कोणता सेल लागतो ते स्टिकरच्या रंगावरून मुलाला पाठ करून द्या: निळा ६७५, नारिंगी १३, तपकिरी ३१२. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात तो मिळेलच असं नाही, तीन महिन्यांचा साठा द्या.

साचा, म्हणजे कानात बसणारा मोल्ड, कोमट पाण्याने धुवायचा, पण यंत्रापासून सोडवून. नळीत पाण्याचा थेंब राहिला तर आवाज जात नाही. फुंकर मारायचा छोटा फुगा मिळतो तो द्या. डोक्याला खोबरेल लावून लगेच यंत्र घातलं की तेल साच्याच्या नळीत उतरतं, म्हणून तेल रात्री, यंत्र काढल्यावर. यंत्र शिटी मारायला लागलं तर साचा सैल झालाय किंवा कानात मळ आहे. मुलाला स्वतःला ती शिटी बहुधा ऐकू येत नाही, शिक्षकांना सांगून ठेवा. आणि पावसाळ्यात कानाला खाज सुटली तर काडी घालू नये. ओलसर कानात बुरशी होते, तिला डॉक्टरच लागतात. तोवर त्या कानातलं यंत्र बंद.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, असलेलं मूल असेल तर त्याच्या वहीत, वसतिगृहाच्या नोंदवहीत आणि आरोग्य कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: इम्प्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एमआरआय करू नये.

यंत्रावर, डब्यावर, चार्जरवर नाव. वसतिगृहात सगळ्यांची यंत्रं एकाच रंगाची असतात.

पाचवी पायरी: पहिला दिवस आणि पहिले सहा आठवडे

मुलाला न सांगता सोडून येऊ नका. कृपा करून नका. ‘बाजारात जाऊन येतो’ असं सांगून निघालेली माणसं मी पाहिली आहेत. ऐकणाऱ्या मुलाला मागून कुणीतरी समजावतं. आपल्या मुलाला ते समजावणं पोचायला भाषा लागते, आणि ती तर ते इथे शिकायला आलेलं असतं. कॅलेंडर घ्या. आज, गणपतीची सुट्टी, दिवाळी, या तारखांना रंगीत गोल करा, मधले दिवस त्याच्यासमोर मोजा आणि ते कॅलेंडर त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला चिकटवा. घरातल्या सगळ्यांचे फोटो द्या, गायीचासुद्धा.

व्हिडिओ कॉलची वेळ आणि वार अधीक्षकांशी ठरवून घ्या. आमच्या वाडीत रेंज नाही, मी बुधवारी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाते. उजेड तुमच्या तोंडावर हवा, मावळता सूर्य पाठीमागे नको. फोन दगडाला टेकवून ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, कमरेपासून वर दिसेल एवढं लांब बसा. फुलाफुलांच्या साडीवर हात नीट दिसत नाहीत. मी बुधवारी साधा गडद कुर्ता घालते. चित्र अडकलं की मूल गोंधळतं, म्हणून ‘अडकलं, परत सांग’ ही खूण आधी ठरवा.

पहिले दोन-तीन आठवडे ते रडेल. ‘घरी न्या’ असं सांगेल. लगेच धावत जाऊन आणू नका, पण ते रडणं उडवूनही लावू नका. घरची आठवण आणि भीती यांत फरक असतो, आणि तो ओळखायला तुम्हाला मुलाची भाषा कळावी लागते. खाणं तुटलं, अंगावर वळ दिसले, एखाद्या माणसाचं नाव आलं की चेहरा बदलला, कॉलवर शेजारी कुणी उभं असताना हात बांधून बसलं, तर त्याच दिवशी शाळेत जा.

सुरक्षेबद्दल संकोच न करता विचारा. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिच्यात खुणा कळणारं कोण आहे? तक्रारपेटी आहे का, आणि ज्या मुलाला लिहिता येत नाही ते चित्र काढून टाकू शकतं का? १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर असतो, पण आपलं मूल तो फिरवून काय बोलणार? म्हणून शाळेबाहेरचा एक माणूस, ज्याला खुणा कळतात आणि ज्याला मूल व्हिडिओ कॉल करू शकेल, ठरवून ठेवा. चांगला-वाईट स्पर्श, ‘नको’, ‘मी सांगणार’, शरीराच्या सगळ्या भागांची खरी नावं, या खुणा तुम्ही स्वतः शिकवा. मुलगा असला तरी. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यात जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची भाषा जाणणाऱ्या माणसाची मदत घ्यायची तरतूद आहे. वेळ आलीच तर ती मागून घ्या. मुलाचं म्हणणं ‘समजत नाही’ म्हणून कागदावरून गळता कामा नये.

आणखी एक, इथल्या किनाऱ्याचं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी गावात सूचना फिरते ती भोंग्यावरून. वसतिगृह नदीच्या पाण्यात येतं का, पाणी चढलं तर मुलं कुठे नेणार, रात्री त्यांना कोण उठवणार, याची रंगीत तालीम होते का, विचारा. सहलीत समुद्रावर शिटीचा उपयोग नाही. झेंडा आणि जोड्या, म्हणजे प्रत्येक मुलामागे एक जोडीदार, असं ठरलेलं असेल तरच परवानगीच्या कागदावर सही करा.

अभ्यास, बोर्ड, प्रवास

इथे थोडक्यात. दहावीला बसताना कर्णबधिर विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो (ताशी २० मिनिटं) आणि भाषा विषयांत सवलत असते. ती आपोआप मिळत नाही, शाळेमार्फत वेळेत अर्ज जावा लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी बोर्डाचं कोकण विभागीय मंडळ, रायगडसाठी मुंबई. नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांना आठवण करा. नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. एस.टी.च्या साध्या गाडीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ७५ टक्के सवलत मिळते. कंडक्टर कार्ड मागतो तेव्हा ते मुलानेच दाखवावं, तुम्ही नाही. रेल्वेची सवलत ऐकू आणि बोलता दोन्ही न येणाऱ्यांना आहे, सोबत एकाला.

मराठी लिहिणं मात्र घरूनही चालू ठेवा. खुणांमध्ये ‘ने’, ‘ला’, ‘चा’ नसतात, म्हणून आपली मुलं ‘आई मी मारली’ असं लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘आईने मला मारलं’. ही बुद्धीची कमतरता नाही, दुसऱ्या भाषेचं व्याकरण आहे. लाल शाईने खोडू नका. व्हॉट्सॲपवर रोज एक वाक्य पाठवा, घरातलं, खरं: ‘आज बाबांनी आंब्याला खत घातलं.’ ते वाक्य त्याला खुणेत करून दाखवायला सांगा. माझ्या लेकीचं लिहिणं सुधारलं ते या रोजच्या वाक्यांनी, शिकवणीने नाही.

सुट्टी

गणपतीला घर भरलेलं असतं. मुंबईहून आलेले काका, आत्या, पोरंसोरं, सगळे एकाच वेळी बोलतात. आरतीला झांजा वाजतात, त्या छातीत जाणवतात, तेवढ्यात तिचा चेहरा फुलतो. आरती संपली की ती परत कोपऱ्यात. आता आम्ही नियम केला आहे. जेवताना कुणीतरी एक जण तिच्यासमोर बसतो आणि काय चाललंय ते हातांनी सांगत राहतो, विनोदासकट. ‘नंतर सांगते’ म्हणायचं नाही. पाळी लावली आहे, कारण एकट्या आईवर पडलं तर आई थकते.

मूल घरी येईल तेव्हा त्याला नवं नाव मिळालेलं असेल. बधिर मुलं एकमेकांना खुणांची नावं देतात, अक्षरं जोडून नव्हे, माणसाच्या एखाद्या लकबीवरून. लेकीचं नाव आहे गालावर बोट टेकवून फिरवणं, तिच्या खळीवरून. ते नाव घरातल्या प्रत्येकाने वापरायला शिका, आणि स्वतःसाठी तिच्याकडून मागून घ्या. आपण होऊन ठरवायचं नसतं. मला मिळायला एक वर्ष लागलं. माझ्या चमकीवरून, नाकपुडीला चिमटा. मी वसतिगृहाच्या फाटकातून आत आले की आता लांबूनच चार-पाच मुली नाकाला हात लावतात, आणि लेक मागे वळून बघते.